खंडेनवमीचं लोखंड

कामशेतात दुःखाचाही एक भाव ठरलेला असे. मुलगा गेला तर आईबापांनी जन्मभर रडलं तरी कोणी काही म्हणायचं नाही. सासरी दिलेली मुलगी गेली तर वर्षश्राद्धापर्यंत. त्यानंतर आईच्या डोळ्याला पदर लागला की बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. हा भाव कुठं लिहिलेला नव्हता, पण माझ्या दुकानातल्या तांदळाच्या भावापेक्षा पक्का होता. तांदूळ निदान सुगीला उतरत तरी असे.

मुक्ताबाईनं हा भाव पाळला नाही. तिची एकुलती एक लेक बया सुदुंबऱ्याला दिली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. सुदुंबऱ्याहून परत आली ती मुक्ताबाई घराच्या मागल्या भिंतीला टेकून बसली आणि तिथंच राहिली. रडली असती तर गावाला मोजता आलं असतं. ती रडतही नव्हती. भाकरी पुढं ठेवली तर खायची, नाही ठेवली तर मागायची नाही. कोणी अंगारा आणला, कोणी वैदूचा काढा आणला. माझ्या बायकोनं, रतनबाईनं, चार उपदेश नेऊन दिले. मुक्ताबाईनं कशालाच हात लावला नाही.

तिचा नवरा रखमाजी मिस्त्री. माझ्या दुकानासमोर हमरस्त्याच्या पलीकडं त्याची पत्र्याची शेड, आणि शेडच्या पोटातूनच आत घरात जायची वाट. लढाईच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत तो इंजिनं खोलायला शिकला होता. लढाई संपली तशी नोकरी संपली आणि हात तेवढा बरोबर घेऊन तो कामशेतात आला. अक्षरओळख नव्हती. भाताच्या गिरणीचं इंजिन असो, बंद पडलेली ट्रक असो, नाहीतर कोणाची फटफटी असो, रखमाजी आधी कान लावायचा, मग बोट लावायचा आणि मग बोलायचा. बया गेल्यापासून भाकऱ्याही तोच थापायचा. मी एकदा खाल्ली. ग्रीसचा वास येत होता. मी म्हटलं, "रखमाजी, ही भाकरी घशातून सरसर उतरते बघ." तो हसला. त्या दिवसांत तो दुसऱ्याच्या विनोदाला भाड्यानं हसल्यासारखा हसायचा.

पवनेवर धरण होणार अशी नुसती बोलवा होती, तेव्हाची ही गोष्ट.

बेडशाकडचा बाजीराव दुधाचा धंदा करायचा. वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून फटफटीला दोन बाजूंना कॅन अडकवायचा आणि सकाळच्या गाडीला कामशेत स्टेशनावर पोचवायचा. फटफटी लष्कराची, लिलावातली. वरचा काळा रंग उडाला की खालून हिरवा दिसायचा. पाऊस उतरायच्या सुमाराला तिचं इंजिन इतकं दमलं की चढाला बाजीराव खाली उतरून तिला ढकलत नेई. लोक म्हणत, गाडी दूध नेते की बाजीराव गाडी नेतो? मग त्यानं कुठून तरी शोध लावून लोणावळ्याच्या एका बंगल्याच्या गोठ्यात सडत पडलेली तसलीच दुसरी गाडी पैदा केली. ती लढाईच्या आधीची, हौशी साहेबाची. दोन्ही एकाच कंपनीच्या. बैलगाडीत घालून त्यानं ती रखमाजीच्या दारात आणून ओतली.

"मिस्त्री, ही घे सवत," बाजीराव म्हणाला. "आता दोघींची मिळून एक कर."

"दोन बायकांची एक करता आली आसती," रखमाजी म्हणाला, "तर समद्या तालुक्यानं माज्या दारात रांग लावली आसती."

"मंग आमच्यापास्नं सुरवात कर. दसऱ्याला हार घालायचाय गाडीला. न्हाई झाली तर तो हार तुज्या गळ्यात."

"घाल की. तेवडाच मान."

दोन्ही इंजिनं रखमाजीनं एकदमच खोलली. एकीचं वरचं अंग बरं होतं, दुसरीचं खालचं. निम्मं हिचं, निम्मं तिचं घ्यायचं होतं. बाजीरावाचा थोरला भाऊ भिमाजी पहिल्या दिवशी राखणीला बसल्यासारखा तिथं बसला होता. भिमाजी संशयी माणूस. माझ्या दुकानात नारळ घेताना सगळे नारळ हलवून बघायचा आणि शेवटी पहिलाच घ्यायचा. मीही तिथं होतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझी बैठक रखमाजीच्या शेडमध्येच असे.

रखमाजीनं दोन गोणपाटं अंथरली. काढलेला एकेक भाग, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं, पंगतीला बसवल्यासारखा मांडला. बाजीरावाच्या गाडीच्या भागाला गेरूचं बोट, बंगल्याच्या गाडीच्या भागाला तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचं बोट. जिथं एका चाकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसत होता, तिथं दोन्हींवर मिळून एक आडवी रेघ.

"हे काय देवाला लावल्यावानी?" भिमाजीनं विचारलं.

"गेरू तुज्या भावाचा, चुना बंगल्याचा. ह्या जातीच्या इंजिनात आतल्या सामानाला ना नंबर, ना ठिपका. तुज्या भावाचं तर लढाईच्या घाईत बनवल्यालं, खुणा कोन करत बसतोय? त्यात लई मागं कुना मिस्त्र्यानं चाकं बदल्याली हायेत. ह्यो बग." त्यानं दोन दातेरी चाकं तळहातावर धरली. प्रत्येकाच्या पोटाला एकेक उंचवटा. "इंजिनाची झडप उघडायची न झाकायची कवा, ते ही चाकं ठरवत्यात. सांग, ह्यातलं तुजं कंचं?"

भिमाजीनं ती नारळासारखी हलवून बघितली. "सारकीच की."

"सारकी न्हाईत. दाताचा उतार येगळा हाय, केसाएवडा. वीस वर्सं जे दात एकमेकांत नांदले, ते एकमेकांतच ठिवायचे. दुसऱ्या घरात घातले तर चार दिस गप ऱ्हात्यात, मंग एकमेकांस्नी खात्यात."

'नांदले' म्हणताना त्याची नजर आतल्या दाराकडं गेली. आत भिंतीपाशी मुक्ताबाई होती.

खंडेनवमीच्या सकाळी रखमाजी पिस्टनच्या रिंगा आणायला लोणावळ्याला गेला. दुसऱ्या दिवशी दसरा. रिंगा मिळाल्या की संध्याकाळपासून इंजिन बांधायला घ्यायचं, असा त्याचा बेत.

तो गेला आणि थोड्या वेळानं माझ्या दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन उभी राहिली. केस विंचरलेले, तेल लावलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी गिऱ्हाइकाला गूळ जोखत होतो. वर न बघताच विचारलं, "काय देऊ?"

"चिंच द्या जरा. आन हळद-कुकू."

आवाज ओळखायला वेळ लागला. तो आवाज दोन वर्षं बाजारात आला नव्हता. रतनबाई आतून धावत आली आणि दारातच थबकली.

"मुक्ते! आज कशी गं उठलीस?"

"खंडेनवमी न्हाई व्हय आज?" मुक्ताबाई म्हणाली. "इंदुरीला, माज्या म्हायेरी, आज लोखंड धुत्यात. इळा, खुरपं, फाळ, समदं. घरातलं लोखंड पारोसं ठिवू नये. सकाळच्यान ह्येंच्या पान्यांकडं बगते. किती मळलेत!"

मी चिंच जरा जास्तच घातली पुडीत. रतनबाईनं फुलपात्रात झेंडू भरून दिला. ती रस्ता ओलांडून गेली, तेव्हा रतनबाई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "देवीनं उठवलं हो तिला." रतनबाई देवीच्या नावावर बरंच काही जमा करते. त्या दिवशी मीही हरकत घेतली नाही.

दुपारभर मुक्ताबाई शेडच्या पुढं पाण्याची घमेली घेऊन बसली होती. राख, चिंच, विटकरीची भुकटी, नारळाची शेंडी. मला वाटत होतं पाने, हातोडे, कानशी चालल्यात. रस्त्यावरच्या बायका थांबत, बोलत, आणि ती त्यांच्याशी बोलत होती. एकदा तर हसलीही. मी तराजूवरून बघत होतो. गाव सगळं खूश होतं. फुकटात मिळालेला आनंद गावाला कधीच नको होत नाही.

रखमाजी उन्हं कलताना आला. त्याला बातमी स्टेशनावरच कळली असणार, कारण तो चालत नव्हता, धावत होता. मीही प्रसादाच्या निमित्तानं मागोमाग गेलो.

शेड सारवलेली होती. दोन्ही गोणपाटं धुऊन तारेवर वाळत घातली होती. मध्ये एक लांब पाट, भोवती रांगोळी, आणि पाटावर सगळं लोखंड. पाने होते, हातोडे होते आणि दोन्ही इंजिनांचा एकूण एक भाग होता. मोठ्याकडून लहानाकडं, जशी बाई फळीवर भांडी लावते तसे लावलेले. चाकाशेजारी चाक, बेअरिंगच्या रोळाशेजारी रोळ, वायसरांची एक चळत. सगळं चांदीसारखं लखलखत होतं. प्रत्येक चाकाच्या भोकात एक झेंडूचं फूल खोवलेलं, आणि प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. गेरूही नाही, चुनाही नाही. सगळ्यांना एकच खूण.

मुक्ताबाई पाटाशी बसली होती. हाताची बोटं पाण्यानं सुरकुतलेली.

"काय वो ही घान!" ती नवऱ्याला म्हणाली. "कशाला चुना फासलाय, कशाला गेरू. निगता निगंना. दातादातातनं नखानं खरवडून काडलं. झालं का बराबर?"

मी रखमाजीकडं बघितलं. डेपोत एकदा जॅक निसटून ट्रक अंगावर आली होती, ती गोष्ट तो आम्हाला हसत सांगायचा. तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल ते मला त्या क्षणी कळलं.

त्यानं टोपी काढली. पाटापुढं गुडघे टेकले. कपाळ जमिनीला लावलं आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा म्हणाला, "लय बराबर. लय झ्याक केलंस, मुक्ते."

"च्या टाकू?"

"टाक."

ती आत गेली. दोन वर्षांनी त्या घरातून चुलीचा धूर माणसाच्या सुखाचा वास घेऊन आला. रखमाजी पाटावरची दोन चाकं हातात घेऊन उभा होता. झेंडूचं फूल काढलं, आत बघितलं, पुन्हा खोवलं.

"सांग तिला," मी हळूच म्हणालो.

"काय सांगू?"

"की खुणा होत्या."

"सांगून खुना परत येत्याल?" तो म्हणाला. "शेट, ती उटलीया. मला फकस्त येवडं कळतंय. ती उटलीया. तुमी गप ऱ्हावा. रतनवैनीला बी बोलू नका."

मी रतनबाईला बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला हे फार महागात पडतं.

दसऱ्याला बाजीराव हार घेऊन आला. झेंडूचा, मध्ये आंब्याची पानं. गाडीचा नुसता सांगाडा बघून तो म्हणाला, "मिस्त्री, मान खाली घाल. ठरल्यापरमानं हार तुला."

"सामान न्हाई आलं लोनावळ्यास्नं."

"रिंगा तर आनल्यास म्हनत्यात?"

"दुसरं हाय. आतलं."

"आतलं म्हंजी?"

"आतलं म्हंजी आतलं. तुला सांगून कळतंय व्हय? दूध नासलं तर म्या तुला इचारतो का म्हशीच्या आत काय झालं?"

बाजीराव हसला. हार सांगाड्यावर टाकून गेला. तो हार तिथंच वाळला. त्यानंतर बाजीराव सायकलीला कॅन बांधून बेडशाहून यायचा. बरेचदा गाडी चुकायची आणि तो फलाटावर बसून स्वतःच्याच दुधाचा चहा करून लोकांना पाजायचा. त्याची थट्टा दिवसागणिक कमी होत गेली. अशा माणसाची थट्टा संपली की समजावं, आता खरं दुखायला लागलं.

रखमाजी काय काय करत होता ते मी समोरून बघत होतो. चाकं दोऱ्याला टांगून खिळ्यानं वाजवायचा आणि कान लावून ऐकायचा. दाताची बाजू उन्हात धरून तिरकी बघायचा. एरवी जुन्या भागावर तेल जळून बसलेलं असतं, त्या डागावरून कोण कोणाला घासत होता ते कळतं, असं त्यानंच मला सांगितलं होतं. राखेनं आणि विटकरीनं ते डागही गेले होते. वीस वर्षांचं नांदणं एका दुपारी धुतलं होतं. तरी त्यानं बरंचसं जुळवलं. पिस्टन, झडपा, मोठे रोळ ओळखले. राहिली ती झडपांची दातेरी चाकं, त्यांना फिरवणारं बारकं चाक आणि कागदासारखी पातळ वायसरं. घोटाळा तिथंच होता.

एका दुपारी तो रुमालात काहीतरी बांधून माझ्या दुकानात आला.

"शेट, येलदोड्याचा तराजू काडा."

"वेलदोडे खायला लागलास? सुख फार झालंय."

त्यानं दोन चाकं काढून तराजूच्या दोन पारड्यांत ठेवली. काटा जरा इकडं गेला, जरा तिकडं गेला आणि मधोमध येऊन उभा राहिला. पारडी बदलली. पुन्हा तेच. माझ्या तराजूवर मी इतका कधीच चिडलो नव्हतो. तीस वर्षं तो कोणाच्या तरी बाजूला थोडा झुकत आला होता, आणि आज देवासारखा निःपक्षपाती झाला.

मग त्यानं साबणाची वडी मागितली. धुण्याच्या साबणावर एक चाक दाबत फिरवलं, दातांचे ठसे उठले. शेजारी दुसरं फिरवलं. आम्ही दोघं वडीवर वाकलो. त्यानं माझा चष्मा काढून घेतला, डोळ्यांना लावला, आणि वडी जवळ नेली, लांब नेली.

"तुमास्नी कंचा उतार जादा दिसतोय?"

"चष्मा तर तुझ्याकडं आहे."

तो हसला नाही. "पूर्वी मला बोटाला कळायचं," तो म्हणाला. "आता बोट लावलं की समदं गुळगुळीत लागतंय. लोनावळ्याच्या ग्यारेजवाल्याकडं ह्या गाडीचं पुस्तक हाय म्हनून गेलतो. त्यानं वाचून दावलं. पुस्तकात परत्येक भागाला नंबर हाय. भागावर न्हाई."

"मग बाजीरावाला सरळ सांग, होत नाही म्हणून."

"म्हंजी तो इचारनार का. आन गावात कुनाला कळलं म्हंजी तिला कळलं." त्यानं चाकं रुमालात बांधली. "तुमाला म्हाईतेय का, ती रोज येऊन बसतिया शेडात. एकेक भाग पुसतिया. काल मला म्हनली, बयेला बी असं लखलखीत लागायचं समदं. तिनं नाव घेतलं, शेट. बयेचं. दोन वर्सांनी."

हे मी बघत होतोच. मुक्ताबाई फडकं घेऊन त्याच्या शेजारी बसायची. तो विचार करकरून एखाद्या दातावर खडूची बारीक रेघ ओढायचा, चहा प्यायला वळायचा, आणि परत बघेपर्यंत मुक्ताबाईनं ती पुसलेली असायची. तो खडू खाली ठेवायचा. दुसरा भाग उचलायचा. असं मी किती वेळा बघितलं. रस्त्याच्या अलीकडून हसू यावं अशी ती गोष्ट होती. दोन-चार जण हसलेही. मिस्त्रीला म्हातारचळ लागला, बायको पुसते आणि हा बघत बसतो. गाव असं म्हणत राहिलं आणि रखमाजीनं ते म्हणू दिलं.

कार्तिकात बाजीराव भावाला घेऊन आला. या वेळी तो हसत नव्हता.

"मिस्त्री, वाड्यांवरचं दूध दुसरीकडं चाललंया. एकानं टेम्पो घातलाय. आता गाडी दे, न्हाईतर दोन्ही पोत्यात भरून दे."

"परवा ये," रखमाजी म्हणाला.

त्यानं कौल लावल्यासारखी चाकं निवडली. मी तिथं होतो. डोळे मिटून त्यानं दोन्हींवरून अंगठा फिरवला, एक बाजूला ठेवलं, एक घेतलं. पुन्हा ते ठेवलं आणि पहिलं घेतलं. मग उघड्या डोळ्यांनी मुक्ताबाईकडं बघितलं.

"ह्यातलं कंचं घिऊ गं?"

तिला वाटलं तो थट्टा करतोय. पोरीसारखी लाजली. "माझं काय इचारता? ह्ये घ्या. ह्ये जास्त चमाकतंय."

त्यानं तेच घेतलं.

गाडी सुरू झाली. बाजीरावानं लाथ मारली तसा पहिल्यांदा खोकला आला, मग धडधड बसली. आवाज भरदार होता. शेजारीपाजारी जमले. मुक्ताबाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि औक्षण केलं. बाजीरावानं तिच्या पायाला हात लावला. "मावशी, तुमीच रोज पुसून पुसून गाडी चालू केली बगा."

ती हसत हसत आत गेली. रखमाजी मात्र इंजिनापाशी मान वाकडी करून उभा होता. बाजीरावानं गाडी वळवली, रस्त्याला लावली, आवाज लांब गेला, तरी तो कान तिकडं लावूनच होता.

"काय ऐकतोस?" मी विचारलं.

"किरकिरतंया," तो म्हणाला. "जरासं."

"मग थांबव की."

त्यानं आतल्या दाराकडं बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबवायला गेला नाही.

काही दिवस गाडी चालली. बाजीराव भल्या सकाळी दुकानासमोरून जाताना हॉर्न वाजवायचा. रखमाजी त्या वेळी शेडच्या दारात उभा असायचा, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. एकदा त्यानं हात करून थांबवलं, म्हणाला, दोन दिवस ठेवून जा, आत जरा बघतो. बाजीराव म्हणाला, "पुन्ना तुज्या हातात दिऊ? दसरा बगून झाला, आता काय शिमगा बगू?" आणि निघून गेला.

बेडशाकडून येताना उतार आहे. भरलेले कॅन घेऊन बाजीराव उतरत होता. दातांनी दात खाल्ले, तुकडा आत अडकला आणि इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं. लोकांनी बाजीरावाला बैलगाडीतून आणलं तेव्हा त्याच्या धोतराला रक्त कमी आणि दूध जास्त होतं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तो पुढं चालायला लागला तो काठी घेऊन, आणि त्या पायानं त्याला पुन्हा कधी गाडीला लाथ मारता आली नाही.

दुसऱ्या दिवशी भिमाजी भावकीतली माणसं घेऊन आला. मोडकं इंजिन त्यांनी शेडच्या दारात टाकलं. गाव जमलं. गाव अशा वेळी नेहमी वेळेवर येतं. मी दुकान उघडं टाकून पलीकडं गेलो.

"बोल," भिमाजी म्हणाला. "काय घातलंस आत?"

"चूक झाली," रखमाजी म्हणाला. "चुकीचं चाक पडलं. माजं डोसकं चालंना आता. डोळं बी गेलं. काय करायचं ते करा."

"त्यो म्हातारा झालाय, सोडा," कोणीतरी म्हणालं.

सुटला असता. कामशेत म्हाताऱ्यांना बऱ्याच गोष्टी माफ करतं, त्यांच्याकडं पुन्हा काम न्यायचं नाही एवढंच. पण भिमाजी सगळे नारळ हलवल्याशिवाय उठणारा नव्हता.

"डोसक्याचं काय काम?" तो ओरडला. "म्या सवता हितं बसलो हुतो. ह्यानं माज्या म्होरं खुना केल्या हुत्या. आमच्या गाडीला गेरू, बंगल्याच्या गाडीला चुना. दातादाताला! मला शिकवत हुता, दुसऱ्या घरात घातले तर खात्यात म्हनून! मंग त्या खुना कुटं गेल्या? चुना कुटं गेला? गेरू कुटं गेला?"

आतल्या दारात मुक्ताबाई उभी होती. एवढी माणसं आली म्हणून परातीत चहाचे कप मांडून ती बाहेर येत होती.

रखमाजीला ती दिसली. "म्याच पुसल्या!" तो एकदम मोठ्यानं म्हणाला. "घासलेटात धुताना गेल्या. म्याच पुसल्या म्हनतोय ना! माजीच चूक!"

त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना गावानं कधी ऐकलं नव्हतं. मुक्ताबाईनं परात तिथंच, उंबऱ्यावर ठेवली. वाकून, सावकाश, एकही कप न लवंडता. मग तिनं दोन्ही हात पुढं धरले आणि स्वतःच्या नखांकडं बघितलं.

नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. वळली आणि आत गेली.

चहा कोणी घेतला नाही. भिमाजीची माणसं थोडं बडबडून, एक पत्रा लाथेनं वाकवून निघून गेली. रखमाजी उंबऱ्यापर्यंत गेला, परात उचलून बाजूला ठेवली. आत मुक्ताबाई मागल्या भिंतीला टेकून बसली होती. तीच जागा. भिंतीवर उठलेल्या तेलकट डागाला पाठ अगदी बरोबर बसली होती.

"मुक्ते," तो म्हणाला. "अगं, ती मोडनारच हुती. जुनी हुती. तुजा काय संबंद न्हाई."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

त्यानंतर त्याच्याकडं काम कोणी आणलं नाही. आणलं असतं तरी त्यानं घेतलं नसतं, असं मला वाटतं. गिरणीच्या इंजिनाला पुण्याहून माणूस यायला लागला. रखमाजी भाकऱ्या थापायचा, आत नेऊन ठेवायचा, आणि बाहेर येऊन रस्त्याकडं बघत बसायचा. मी जाऊन बसलो तर सरकून जागा द्यायचा. थट्टेला भाड्यानंसुद्धा हसायचा नाही. मुक्ताबाईनं बयेचं नाव पुन्हा घेतलं का, असं मी एकदाच विचारलं. त्यानं नकाराची मान हलवली, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी सकाळी दुकान उघडलं तर रखमाजी पायरीशी उभा.

"चिंच द्या, शेट."

मी दिली. हळद-कुंकूही बांधलं. त्यानं तंबाखूची डबी उघडून आतला चुना बघितला. "ह्यो वाळलाय. चुना बी द्या. आन गेरू हाय का?"

"गेरू कशाला?"

त्यानं नुसता हात पुढं केला. मी गेरूचा खडा दिला आणि गल्ल्यावर न बसता त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडला.

शेडमध्ये त्यानं उरलेलं सगळं लोखंड काढून ठेवलं होतं. गंजके पाने, हातोडे, बंगल्याच्या गाडीची चाकं, वायसरं, अडकलेलं मोडकं इंजिन फोडून काढलेले दात. खाली बसून त्यानं गेरू उगाळला. एकेका भागावर बोट उठवायला लागला. एकावर गेरू, एकावर चुना. कुठलं कोणाचं ते बघत नव्हता, बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं. चांगलं जाड लावत होता, दातांच्या खाचांत भरत होता, निघता निघू नये असं. मग सगळं घमेल्यात भरून, राख, चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन तो आत गेला. मी दाराबाहेर थांबलो.

"मुक्ते," त्याचा आवाज आला. "आज खंडेनवमी हाय. बग की, समदं किती मळलंया. कुनी चुना फासलाय, कुनी गेरू. माज्यानं निगत न्हाई. तुज्या नखानं निगंल."

घमेलं पुढं सरकवल्याचा आवाज आला.

"मुक्ते. येवडं येक चाक तरी."

मी वाकून बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली होती. दोन्ही हात पोटाशी, मुठी मिटलेल्या, नखं आत. रखमाजी घमेल्याशी उकिडवा बसला होता आणि चाक तिच्या पाठीपाशी धरून होता.

पुढं कितीतरी महिने ते घमेलं त्या घरात तसंच राहिलं. मी मधूनमधून तांदूळ पोचवायला जायचो तेव्हा दिसायचं. राख उडून गेली, चिंच वाळली, लोखंडाला गंज चढला. चुन्याची आणि गेरूची बोटं मात्र प्रत्येक भागावर जागच्या जागी होती, एकही पुसली गेली नव्हती.